दहा महिन्यांचं बाळ, कोल्हापूर ते दुबई, बाबागाडी न्यायची का घरीच ठेवायची?

राजारामपुरीची_सून
रविवार, रात्री ११:५२

नमस्कार सगळ्यांना. आजवर नुसतं वाचत आले इथं, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. बाळ आत्ता झोपलंय, ते उठायच्या आत टाइप करतेय.

तर विषय असा की मुलगा दहा महिन्यांचा, वजन नऊ किलोच्या आसपास. आमचे हे जुलैपासून दुबईला आहेत, पुढच्या महिन्यात मी आणि बाळ जातोय, दोघंच, सोबत कुणी नाही. कोल्हापूर-हैदराबाद एका कंपनीचं तिकीट आणि हैदराबाद-दुबई दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळे पीएनआर (बुकिंग नंबर), कारण ह्यांच्या मित्रानं सांगितलं असं स्वस्त पडतं. मधे हैदराबादला साडेसहा तास आहेत. मी आधी विमानात एकदाच बसलेय, ते पण लग्नाच्या आधी आणि तेव्हा हातात फक्त पर्स होती.

आता बाबागाडी. दादानं बारशाला दिलेली, मोठीवाली, सीट दोन्हीकडं फिरते, खाली टोपली, चाकं अशी की शेतात घातली तरी चालंल. वजन बारा किलो. घडी होते म्हणायला होते, पण घडी केल्यावर पण दोन माणसांची जागा खाते. कोल्हापुरात ती वापरायची म्हणजे रंकाळ्याला जायचं नाहीतर सोसायटीत गोल गोल फिरायचं, आमच्या गल्लीत फुटपाथवर दुचाक्याच असतात. तरी बाळाला तिची सवय लागलीय, दुपारची झोप त्यातच.

सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराला गाडी कशाला, कडेवर घे, आम्ही जोतिबाचा डोंगर पोरं कडेवर घेऊन चढलोय. माझी आई म्हणते साडेसहा तास कडेवर घेऊन बघा म्हणावं. दोघी एकमेकींशी थेट बोलत नाहीत, सगळं माझ्यामार्फत चाललंय.

मला एवढंच सांगा, गाडी विमानापर्यंत नेता येते का काउंटरवरच काढून घेतात, तिचं वजन बॅगेच्या किलोत धरतात का, हैदराबादला उतरल्यावर मधल्या वेळात ती मला मिळणार का नाही, आणि ही नेऊ का एखादी छोटी घेऊ. कुणी बाळाला घेऊन एकट्यानं गेलं असेल तर प्लीज सांगा. झोप उडालीय माझी.


आर्याची_आई
सोमवार, सकाळी ७:१०

घेऊन जा गं, बहुतेक सगळ्या कंपन्या लहान बाळासाठी एक स्ट्रोलर फुकट नेऊ देतात, किलोत धरत नाहीत. पण तुझ्या दोन्ही कंपन्यांचा नियम त्यांच्या साइटवर वाचून स्क्रीनशॉट काढून ठेव, काउंटरवरची मुलगी नवीन असली की तिलाच माहीत नसतं. बाळाचा जन्मदाखला ओरिजिनल जवळ ठेव, दोन वर्षांच्या आतलं आहे हे दाखवायला देशातल्या फ्लाइटला पण मागतात. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता डबा भरायचाय.


पाचगावचा_पप्पा
सोमवार, सकाळी ९:३३

ताई, बारा किलोची गाडी नेऊ नका. मी नेलीय म्हणून सांगतोय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगी आठ महिन्यांची, गाडी अशीच भारीतली, कारसीटसकटची, किंमत सांगितली तर तुम्ही मला येड्यात काढाल. एका मोठ्या विमानतळावर, नाव घेत नाही, बेल्टवर आली ती पुढचं एक चाक बाहेर वळून आणि हँडल वाकडं होऊन. आम्ही रात्री दोनला उतरलेलो, पोरगी रडत होती, बायको म्हणाली चला आधी हॉटेलला, उद्या फोन करू. इथंच माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर विचारतात तक्रारीचा नंबर काय. कसला नंबर? विमानतळाबाहेर पडायच्या आधी बेल्टशेजारच्या काउंटरवर पीआयआर म्हणून फॉर्म भरून घ्यायचा असतो, सामान हरवलं-मोडलं की पहिला कागद तो. आमच्याकडं तो नव्हता, मग मोडकी गाडी विमानात मोडली का हॉटेलच्या जिन्यात हे सिद्ध कोण करणार. चार महिने ईमेल-ईमेल खेळून सोडून दिलं.

नंतर वाचून काढलं सगळं, तेव्हा कळलं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार (विमान कंपन्यांच्या भरपाईचा) लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे, आणि चेक-इन केलेलं सामान मोडलं तर ते हातात मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार गेली पाहिजे. देशातल्या देशात जाताना सामानाची भरपाई जास्तीत जास्त २०,००० रुपये. म्हणजे गाडी चाळीस हजाराची असली तरी वरचे वीस तुमचे तुम्ही. त्यामुळं माझा साधा हिशोब असा, जी गाडी मोडली तर रडू येईल ती घरी ठेवायची.


सोन्याची_आज्जी
सोमवार, दुपारी १:०५

सासूबाईंचं पण ऐका की थोडं. जुनं नऊवारी घ्या, पाठीशी बांधा, दोन्ही हात मोकळे. आमच्या रानातल्या बायका पोर पाठीला बांधून दिवसभर तण भांगलायच्या. गाडीचं काय एवढं.


राजारामपुरीची_सून
सोमवार, दुपारी १:२०

आज्जी सासूबाईंना दाखवलं तुमचं उत्तर, खूश झाल्यात एकदम 🙂 आईला दाखवलेलं नाही.

@पाचगावचा_पप्पा बापरे. म्हणजे छोटी घ्यावी? ऑनलाइन त्या "केबिन साइज" लिहिलेल्या दिसतायत, त्या विमानात आत नेता येतात म्हणे, वरच्या खणात बसतात. कुणी वापरलीय का?


मोजपट्टी
सोमवार, रात्री ८:४७

केबिन साइज हा शब्द गाडी विकणारा लिहितो, विमान कंपनी नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा.

उदाहरण देतो. ती योयो नावाची फ्रेंच गाडी, ज्यामुळं ही सगळी फॅशन आली, घडी केल्यावर ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर, वजन ६.२ किलो. आपल्याकडं हँडबॅगचं माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ आणि ७ किलो. आता तिन्ही बाजूंची बेरीज करा, गाडीची ११४ येते, बॅगेची ११५. बेरजेत पास. पण तो बॅग मापायचा लोखंडी साचा असतो ना गेटजवळ, त्यात ४४ सेंटिमीटरची गाडी ३५ च्या भोकात कशी जाणार? म्हणजे तुम्ही बेरीज दाखवायची आणि त्यांनी साचा दाखवायचा, आणि भांडणात साचा जिंकतो. पॉकिट म्हणून एक गाडी आहे, ती ३५ बाय ३० बाय १८ इतकी मिटते, २०१४ मध्ये गिनीजमध्ये नाव गेलेलं सगळ्यात लहान घडीची म्हणून, ती साच्यात बसते. पण तिची पाठ आडवी होत नाही, आणि तुमचं बाळ गाडीत झोपतं म्हणताय, मग काय उपयोग.

आणि समजा साच्यात बसली तरी ती तुमची हँडबॅग झाली. एकच हँडबॅग नेऊ देतात. बाळाची पिशवी मग कुठं घालणार?


उजळाईवाडीकर
सोमवार, रात्री १०:१५

वरच्या भावांनी मापं बरोबर सांगितली, पण ताईंचं पहिलं विमान कुठलं ते कुणी बघितलंच नाही. कोल्हापूर-हैदराबादला एटीआर लागतंय, पंख्याचं, ७८ सीटचं. त्याची वरची खणं मुळातच बारकी, साधी चाकाची बॅग पण कधीकधी खाली ठेवून घेतात, तिथं गाडी कसली बसतीय. केबिनचा विषय कोल्हापूरपुरता तरी सोडून द्या.

आमचं घर विमानतळाच्या कुंपणाला लागून, आणि मी सासुरवाडीमुळं हैदराबादला वर्षातनं तीनदा जातो, दोन पोरं ह्याच वाटेनं मोठी झाली. कसं असतं ते सांगतो. २०२४ च्या मार्चपासनं नवीन टर्मिनल झालंय, जुन्या शेडसारख्या जागेपेक्षा लई बरं, पण आकार आटोपशीर हाय, चेक-इनपासनं गेटपर्यंत गाडीची फार गरजच पडत नाही. (विमानतळ तसा १९३९ चा, राजाराम महाराजांनी केलेला, आमच्या आज्याला लई अभिमान.) एटीआरला एरोब्रिज लागत नाही, खालनं जायचं, आणि माणसं चढतात ती मागच्या दारानं, चार-पाच पायऱ्या. सामान पुढं, पायलटच्या मागच्या खणात. म्हणजे गाडी तुम्ही शिडीपर्यंत नेली तरी तिथं घडी करून द्यायची, लोडर ती पुढं घेऊन जातो. त्या वेळी एका हातात बाळ, एका हातात बॅग, गाडीची घडी काय तोंडानं करणार? म्हणून एका हातानं मिटणारी पाहिजे, नाहीतर बाळ आधी अंगाला बांधलेलं पाहिजे. आज्जींचं नऊवारी इथं कामाला येतंय बघा.

सीट मागची घ्या. पंखे पुढं-मधे असतात, आवाज तिथं जास्त. मागं शांत आणि दार पण जवळ.


माजी_ग्राउंडवाला
मंगळवार, रात्री १२:३८

मी काही वर्षं ग्राउंड हँडलिंगला होतो, कुठं आणि कुणाकडं ते राहू दे. गाड्या इतक्या हातातनं गेल्यात की झोपेत घडी करीन.

टॅगचं समजून घ्या, सगळा खेळ टॅगचा आहे. गाडी काउंटरवर दिली की तिला बॅगेसारखाच टॅग लागतो, ती बॅगांच्या पट्ट्यावर जाते आणि बॅगांबरोबर येते. गेटपर्यंत न्यायची असेल तर काउंटरवरच सांगायचं "गेटपर्यंत वापरणार आहे", मग ते गेटचा टॅग लावतात आणि गाडी तुमच्याजवळ राहते. आता परत कुठं मिळणार, तर गेटला दिली म्हणजे दारातच परत मिळणार असं अजिबात नाही. दारात परत द्यायची असेल तर टॅगवर डीएए असं असतं, डिलिव्हरी ॲट एअरक्राफ्ट. ते नसेल तर गाडी शेवटी बेल्टवरच येणार. त्यामुळं गेटला देताना एक वाक्य विचारायचं, "ही मला दारात मिळणार का बेल्टवर?" उत्तर काय आलं त्यावर बाळाला अंगाला बांधायचं का नाही ते ठरतं.

अजून एक, काही वेळा काउंटरवर लिमिटेड रिलीज नावाचा टॅग लावून सही घेतात. त्याचा अर्थ वस्तू नीट पॅक नाही, मोडली तर आम्ही जबाबदार नाही, असा असतो. गाडी उघडी दिली की हमखास लावतात. जाड कापडाच्या पिशवीत घालून दिली तर तुमची बाजू भक्कम होते, आणि सही करायच्या आधी गाडीचे चार फोटो काढा, चाकं, हँडल, घडीचं लॉक, आणि टॅग नंबरसकट एक.

मोडतात का तर मोडतात, आणि आमचे लोक फेकतात म्हणून शिव्या खातात, थोडं खरं पण आहे ते. पण निम्म्या वेळा कारण असं की घडीचं लॉक नीट लागलेलं नसतं. उचलताना गाडी मधेच उघडते, चाक दुसऱ्या बॅगेत अडकतं, वरनं आणखी तीस किलोची बॅग. म्हणून घडी झाल्यावर एक पट्टा किंवा साधी नाडी करकचून बांधा. कप होल्डर, खेळणी, पावसाचं कव्हर, टोपी निघत असेल तर टोपी, सगळं काढून बॅगेत. लटकलेली वस्तू राहत नाही, हे लिहून घ्या माझ्याकडनं.


आर्याची_आई
मंगळवार, सकाळी ६:५०

काल रात्री लिहिते म्हटलं आणि झोपले. सिक्युरिटीचं कुणी सांगितलं नाही म्हणून सांगते. बाळ गाडीत झोपलेलं असलं तरी तिथं उचलून घ्यावंच लागतं, गाडी घडी करून एक्सरेतनं घालतात, मशीनमधे मावली नाही तर बाजूला घेऊन हातानं तपासतात. गाडीच्या खालच्या टोपलीत काही ठेवू नकोस, सगळं काढायला लावतात आणि मागची लाइन तुझ्याकडं बघत बसते.

दूध-पाण्याचं टेन्शन घेऊ नकोस. हैदराबादहून आंतरराष्ट्रीय जाताना १०० मिलीचा नियम असतो पण बाळाचं दूध, गरम पाणी, खाणं त्यातनं सोडतात, प्रवासाला लागेल एवढं. कधी चव घेऊन दाखवा म्हणतात. मी नाचणीची पेज थर्मासमधे नेलेली, त्या ऑफिसरनं विचारलं हे काय आहे, मी म्हटलं नाचणी, तो हसला आणि म्हणाला आमच्याकडं रागी म्हणतात, जा. पेजपेक्षा सत्त्व कोरडं ने आणि गरम पाणी वेगळं, सांडत तरी नाही.

कानाचं सांगते. वर जाताना जेवढं दुखतं त्यापेक्षा उतरताना जास्त दडे बसतात, त्यामुळं विमान खाली यायला लागलं की दूध पाज, गिळत राहिलं की कान मोकळे होतात. सगळ्या आया चढतानाच पाजून मोकळ्या होतात आणि उतरताना पोट भरलेलं असतं.


विद्यापीठ_रोड
मंगळवार, सकाळी ११:२२

माझ्या मते ताईंचा खरा प्रॉब्लेम गाडी नाहीच, दोन पीएनआर आहे. एकाच तिकिटावर असतं तर बॅगा इथनं थेट दुबईला गेल्या असत्या. आता हैदराबादला उतरून बेल्टवरनं बॅगा घ्यायच्या, बाहेर यायचं, परत वर डिपार्चरला जाऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर चेक-इन करायचं, मग इमिग्रेशन, मग परत सिक्युरिटी. टर्मिनल एकच आहे हे नशीब, बस-टॅक्सी करावी लागत नाही. पण काउंटर फ्लाइटच्या तीन-चार तास आधी उघडतो, म्हणजे तुमच्या साडेसहा तासांतले पहिले दोन-तीन तास तुम्ही सगळ्या बॅगा आणि बाळ घेऊन बाहेरच्या भागात. तिथं गाडी नसेल तर बाथरूमला कसं जाणार सांगा.

आणि किलोचा घोळ बघून घ्या, देशातल्या विमानात साधारण १५ किलो असतं आणि दुबईच्या तिकिटावर २५-३० असू शकतं, तुम्ही दुबईच्या हिशोबानं बॅग भरली तर कोल्हापुरातच जादाचे पैसे भरावे लागतील. स्वस्त तिकीट तिथंच महाग होतं. सासूबाई चटणी-लोणचं देणारच असतील.


राजारामपुरीची_सून
मंगळवार, दुपारी ३:४१

चटणी दोन किलो निघालीय आधीच, कांदा-लसणाची, शिवाय गुळाची ढेप. तुम्हाला कसं कळलं 😅

हे बाहेर थांबायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले अरे हो की. अरे हो की!! तिकीट बदलायचं बघितलं, आता दुप्पट भाव आहे, त्यामुळं आहे तेच. म्हणजे गाडी पाहिजेच, पण छोटी. आमच्या शेजारच्या काकूंकडं छत्रीसारखी मिटणारी आहे नातवाची, साधारण पाच किलोची, पाठ थोडी मागं होते, पूर्ण नाही. ती देतो म्हणाल्या. चालंल का? आणि ते बाळाला विमानात पाळणा देतात ते काय असतं, ते मिळालं तर हात तरी मोकळे.


मोजपट्टी
मंगळवार, संध्याकाळी ६:०२

छत्रीवाली एकदम चालंल, लांबट घडी होते म्हणून साच्यात बसणार नाही पण तुम्हाला आत न्यायचीच नाहीये. मागच्या चाकाचे ब्रेक तपासा, उताराला सोडून बघा. काकूंची आहे म्हणजे फोटो नक्की काढा.

पाळणा म्हणजे बॅसिनेट, तो बहुतेक मोठ्या, दोन आइलच्या (मधे चालायच्या दोन वाटा असलेल्या) विमानात असतो, पुढच्या भिंतीवर लावतात, त्या सीट मोजक्याच. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे, बऱ्याच ठिकाणी १० किलोच्या आसपास, आणि नऊ किलोचा दहा महिन्यांचा गडी उठून बसतो त्यात, उपयोग कमीच. शिवाय सीटबेल्टची खूण लागली की बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं, हवा खराब असली तर दर वीस मिनिटांनी. एकच आइलचं विमान असेल तर बहुतेक विषयच संपला. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवरच, त्याच्यासाठी क्रू छोटा जादा बेल्ट देतात, तुमच्या बेल्टात अडकवायचा, नाही दिला तर मागून घ्या.


पाचगावचा_पप्पा
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

एक राहिलं. दुबईत गाडीत, म्हणजे मोटारीत, चार वर्षांखालच्या पोराला चाइल्ड सीट सक्तीची आहे, २०१७ पासनं. मांडीवर घेऊन पुढं बसायचं आपल्यासारखं तिथं चालत नाही. साहेबांना सांगा एअरपोर्टवर येताना सीट बसवूनच या. परत "अरे हो की" नको.


माजी_ग्राउंडवाला
मंगळवार, रात्री ११:५५

छत्रीवाली म्हटल्यावर अजून एक टीप. हँडलला रंगीत काहीतरी बांधा, जुन्या साडीचा काठ वगैरे. सगळ्या छत्र्या काळ्या किंवा निळ्या असतात आणि लोक दुसऱ्याची उचलून चालायला लागतात. आणि आत कुठंतरी तुमचं नाव नि फोन नंबर चिकटवा, दुबईचा नंबर पण, कारण तुमचं इथलं सिम तिकडं बंद असणार.


राजारामपुरीची_सून
पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार, दुपारी २:१७

पोहोचले! म्हणजे पोहोचून पंधरा दिवस झाले, लिहायला आज वेळ मिळाला, बाळ ह्यांच्याकडं आहे.

काय काय झालं सांगते कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत. काकूंची छत्रीवाली नेली, हँडलला सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा काठ बांधला. नऊवारी नाही पण कापडाचं कॅरिअर घेतलं पुढं बांधायचं, त्यात सासूबाईंचा पण मान राहिला आणि आईचा पण, दोघी आपलंच खरं झालं म्हणून सांगत फिरतायत.

कोल्हापुरात काउंटरवर म्हटलं शेवटपर्यंत वापरणार आहे, लगेच टॅग दिला. वजनात धरली नाही. चटणीनं मात्र दगा दिला, बॅग दीड किलो जास्त भरली, मग तिथंच जमिनीवर बसून बॅग उघडली, गुळाची ढेप काढून सोडायला आलेल्या दीराच्या हातात दिली. तो म्हणाला वहिनी एवढाच निरोप समारंभ राहिलेला. शिडीजवळ गाडी दिली, घडी मीच केली, बाळ पुढं बांधलेलं असल्यामुळं एकदम सोपं गेलं, आठ दिवस हॉलमधे प्रॅक्टिस केलेली. विचारलं दारात का बेल्टवर, म्हणाले बेल्टवर. त्यामुळं हैदराबादला उतरून बेल्टपर्यंत तो अंगावरच होता, पण तेवढं चालतं. उतरताना पाजलं, रडला नाही, उलट शेजारच्या काकांच्या मिशा ओढल्या.

हैदराबादला मात्र त्या पाच किलोच्या गाडीनं मला वाचवलं. काउंटर उघडायला अडीच तास होते, ट्रॉलीवर बॅगा, गाडीत बाळ, ट्रॉली एका हातानं आणि गाडी एका हातानं ओढायची, दोन्ही आपापल्या दिशेला जातात, ते काय जमलं नाही. मग एका बाईनं, कोण कुठली माहीत नाही, न विचारता ट्रॉली धरली आणि काउंटरपर्यंत आणून दिली. पाठ पूर्ण आडवी होत नाही म्हणून घाबरले होते, पण पाय माझ्या पर्सवर ठेवून दोन तास झोपला. बरोब्बर सिक्युरिटीच्या लाइनीत झोपला होता, उचलला तेव्हा अख्ख्या हैदराबादला कळलं. थर्मासचं झाकण उघडून बघितलं फक्त, चव घ्यायला नाही लावली.

दुबईला गाडी परत बेल्टवर, थोडी वाट बघितली. काहीही मोडलं नाही. पावसाचं कव्हर तेवढं हरवलं आणि ती चूक माझीच, काढून बॅगेत घाला म्हणून स्पष्ट सांगितलेलं, मी ट्रॉलीवर ठेवलं आणि ट्रॉली सोडून दिली. तसं दुबईत पावसाच्या कव्हरचं काय करणार होते कोण जाणे. कारसीट बसवूनच आले होते हे, मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवलेला ना.

मोठी गाडी घरी आहे, दादाला वाईट वाटलं थोडं. सासूबाई त्यात गच्चीवर वाळवणाच्या परड्या घालून ऊन सरकेल तशी सरकवतात. दादाला हे कुणी सांगू नका.

आता नवीन प्रश्न. सासूबाई डिसेंबरात एकट्या येणार म्हणतायत, गुडघे दुखतात. हैदराबादचं वर्णन ऐकल्यापासनं म्हणतात नातवाला गाडी मिळते तर मला का नाही. व्हीलचेअर मिळते का, पैसे पडतात का?


माजी_ग्राउंडवाला
शुक्रवार, दुपारी ४:०९

मिळते, पैसे नाहीत. तिकीट काढतानाच नोंद करा, नाहीतर निदान ४८ तास आधी फोन करून. माणूस सोबत असतो, सिक्युरिटी-इमिग्रेशन सगळं तोच करून घेतो. ह्या वेळी एकाच पीएनआरवर तिकीट काढा, आणि चटणी आधी वजन करून भरा.


सोन्याची_आज्जी
शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

तारीख कुठली हाय त्यांची? माझी लेक शारजाला असती, बरोबर जाऊ की.